रोज एक कथा : संकल्प आणि वाचकाचे उत्तरदायित्व

'रोज एक कथा वाचायची' हा संकल्प वरवर पाहता केवळ सवयीचा प्रश्न वाटतो. अमेरिकन कथाकार रे ब्रॅडबरी यांनी २००१ साली नवोदित लेखकांना असाच सल्ला दिला होता : सलग हजार रात्री, झोपण्यापूर्वी, एक कथा, एक कविता आणि एक निबंध वाचावा. त्यामागील हेतू लेखकाचे मन समृद्ध व्हावे हा होता. परंतु लेखकाच्या उमेदवारीसाठी सांगितलेली ही शिस्त सामान्य वाचक स्वीकारतो, तेव्हा एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. वाचलेल्या कथेचे वाचकावर काही ऋण असते काय? आणि असल्यास ते दुसऱ्या दिवशीच्या कथेने फिटते काय?

लघुकथा हा वाङ्मयप्रकार अशा संकल्पास अनुकूल आहे, असे म्हणता येईल. हॉथॉर्न यांच्या कथासंग्रहाचे १८४२ साली परीक्षण करताना एडगर अ‍ॅलन पो यांनी, कथा एका बैठकीत वाचून व्हावी, अन्यथा तिच्या परिणामाची एकात्मता भंगते, असे प्रतिपादन केले. मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. वाचन संपणे आणि कथा संपणे या दोन भिन्न घटना आहेत. पो यांची अट पहिल्या घटनेविषयी आहे. परिणाम मनात किती काळ राहावा, याविषयी ती काहीच सांगत नाही. मराठी कथा ज्या नियतकालिकांतून वाढली, त्यांनी हा काळ नकळत पुरवला. १८९० साली सुरू झालेले 'करमणूक' साप्ताहिक होते, तर १९८२ मध्ये बंद पडलेले 'सत्यकथा' मासिक होते. दोन अंकांमधील अंतर हा वाचकाचा सद्गुण नव्हता, ती प्रकाशनव्यवहाराची मर्यादा होती. पण त्या अंतरात कथेला वाचकाच्या मनात वास्तव्य करता येत असे. रोजचा संकल्प हे अंतर एका दिवसावर आणतो.

बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचे उदाहरण घेऊ. जात लपवून राहणाऱ्या निवेदकाला, ती उघड होताच, मारहाण सोसावी लागते. ही कथा आज वाचून झाली, यादीत तिच्यापुढे खूण झाली, आणि उद्या दुसरी कथा हाती आली, तर वाचकाने नेमके काय केले? त्याने एका माणसाची अवहेलना पाहिली आणि ठरल्या वेळी तेथून उठून गेला. कथेने विचारलेला प्रश्न त्याच्या वेळापत्रकात बसला नाही, एवढेच.

तथापि, एवढ्यावरून संकल्प त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल. 'मनाला येईल तेव्हा, आवडेल तेच वाचावे' ही रसिकतेची भूमिका दिसते तितकी निष्पाप नाही. आवड हीदेखील वर्ग, जात आणि शिक्षण यांनी घडवलेली असते. केवळ आवडीवर विसंबणारा वाचक बागूलांच्या कथेपर्यंत कदाचित पोहोचणारच नाही. संकल्प त्याला आवडीच्या कुंपणाबाहेर नेऊ शकतो, आणि हे त्याचे मोठे नैतिक मूल्य आहे.

म्हणजे दोष नियमात नसून, नियम कशाला लावला यात आहे. आपल्याकडील पारायणाच्या परंपरेतही दिवस आणि अध्याय मोजले जातात, आणि तेथेही मोजणी यांत्रिक होऊ शकते. परंतु पारायणात ग्रंथ बदलत नाही. वाचक त्याच ग्रंथाकडे पुन्हा येतो, आणि वाचून झालेला ग्रंथ संपलेला मानला जात नाही. रोजच्या कथावाचनाने एवढे जरी घेतले, तरी त्याचे स्वरूप पालटेल. बंधन वेळेचे असावे, संख्येचे नसावे. कालची कथा आज पुन्हा वाचली तर संकल्प मोडला असे मानू नये; उलट तो त्या दिवशी अधिक चांगला पाळला गेला, असे म्हणावे. वर्षाअखेर यादी तीनशे पासष्टांची न होता दोनशेंची झाली, तरी उरलेले दिवस वाया गेलेले नसतात. वाचक ज्या कथांतून लगेच उठून जाऊ शकला नाही, त्या कथांचे ते दिवस असतात.