जाणण्याचे शास्त्र आणि दोषाचा वाटा

घरातील मुलीने पदवीसाठी बोधनविज्ञान, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स, घ्यायचे ठरवले, की पहिला प्रश्न येतो तो पोटाचा. खानदेशातून, कोकणातून सुरतेत आलेल्या आणि आज तापीपलीकडे कोसाडपर्यंत विस्तारलेल्या आपल्या कुटुंबांनी तो विचारावा, हे स्वाभाविकच आहे. संगणक, शिक्षण, वाचा-उपचार अशा क्षेत्रांत पुढील अभ्यासाने वाटा निघतात, एवढे त्याचे उत्तर. परंतु या विद्येचा अधिक गंभीर प्रश्न नैतिक आहे.

मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र आणि मज्जाविज्ञान यांच्या संगमावर हे शास्त्र १९५६ च्या सुमारास उभे राहिले. आपल्या देशात ते प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते. अलाहाबाद विद्यापीठात आणि आपल्या गुजरातेत गांधीनगरच्या आयआयटीत त्याची सोय आहे. पदवीला मात्र बहुधा मानसशास्त्रासारख्या एका विषयाचा हात धरूनच त्याच्याकडे जावे लागते.

समर्थांनी मनाला उपदेश केला. हे शास्त्र उपदेशाआधी मनाची कुवत मोजते. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका का होतात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत पहिल्या अर्ध्या तासातच सावधपणा घसरलेला दिसला. मग रात्रपाळीत मागावरच्या कारागिराच्या नजरेतून तुटलेला धागा सुटला, तर त्याला केवळ बेपर्वा म्हणणे कितपत न्याय्य?

यावर आक्षेप असा, की प्रत्येक चुकीला कारण सापडू लागले तर दोषी कोणीच उरणार नाही. हा आक्षेप हलका नाही. तथापि कारण कळल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही. पुष्कळदा ती फक्त हात बदलते. लक्ष थकते हे ज्ञात झाल्यावर विसावा न देणारी पाळी आखणारा उत्तरदायी ठरतो. पूर्वी त्याला अज्ञानाची सबब होती; आता नाही.

हाच न्याय आपल्या घरालाही लागू पडतो. मराठी बोलता बोलता नातू गुजराती शब्द वापरतो, तेव्हा ‘धड ही नाही, धड ती नाही’ असे आपण त्याला ऐकवतो. वस्तुतः दोन भाषा जाणणाऱ्याच्या मनात एक बोलताना दुसरीही जागीच असते. तिचा शब्द ओठांवर येणे हा बुद्धीचा दोष नव्हे. मूल जी भाषा भरपूर ऐकते, तीच त्याच्यात सकस वाढते. तेव्हा मराठी कमी पडत असेल, तर प्रश्न मुलाला नव्हे, त्याच्याशी ती किती बोलली गेली, हा वडीलधाऱ्यांना विचारला पाहिजे.

अशा विद्येची ओढ मुलीला वाटत असेल, तर तिला अडवू नये. मात्र ती शिकून घरी परतेल तेव्हा तिच्या काही प्रश्नांची उत्तरे आपल्याला द्यावी लागतील, याची तयारी असावी.