बरणींत काय राखितां?

(वचन : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ६, ओवी १२. उपासनेंत हें वचन शास्त्रांतून काढून प्रथम मोठ्यानें वाचावें.)



करिंथ हें बंदराचें, व्यापाराचें व चैनीचें शहर होतें. तेथील मंडळींत कांहीं लोक म्हणत कीं, आम्ही ख्रिस्तांत मोकळे झालों, आतां आम्हांस सर्व चालतें. प्रेषित पौल त्यांच्यापुढें दोन प्रश्न ठेवितो. जें चालतें तें हिताचें आहे काय? आणि जें तुम्ही हातीं धरिलें, तेंच उद्यां तुमचें धनी होणार नाहीं ना? हे दोन प्रश्न आज आपण एका साध्या वस्तूस लावून पाहूं. ती वस्तु म्हणजे कांचेची बरणी.

कॅनडा देशांत ता. १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांस गांजा बाळगणें कायदेशीर झालें. तेथील बहुतेक प्रांतांत एका घरीं चार झाडांपर्यंत लागवड करितां येते. महाराष्ट्रांतून पुष्कळ तरुण शिक्षणासाठीं त्या देशीं जातात. जे जात नाहींत त्यांस तिकडील चित्रें खेड्यांत बसून मोबाईलवर दिसतात. म्हणून तेथें काय चालतें हें आईबापांस व उपदेशकांस ठाऊक असावें.

फुलोरा तयार झाला म्हणजे ते लोक झाड कापून अंधाऱ्या, हवेशीर खोलींत उलटें टांगितात. ऊन लागूं देत नाहींत, घाई करीत नाहींत. एकदोन आठवड्यांनीं काडी न वांकतां कडकन मोडूं लागली कीं फुलें बरणींत भरितात, तींही गळ्यापर्यंत नव्हे. मग रोज झांकण उघडून आंतील दमट हवा बाहेर जाऊं देतात, वास घेतात, बुरशी धरिली नाहीं ना तें पाहतात. असें कित्येक आठवडे चालतें.

पहिली गोष्ट ही कीं, ही चिकाटी पाहून आम्हांस लाज वाटावी. लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायांत आपल्या प्रभूनें एका लबाड कारभाऱ्याचा दृष्टांत सांगितला आहे. त्याच्या लबाडीची तेथें स्तुति नाहीं, शहाणपणाची आहे. तसेंच येथें. जो मनुष्य नशेच्या पदार्थासाठीं रोज बरणी उघडून पाहतो, त्याला एक सत्य ठाऊक आहे: फूल वरून सुकलें तरी देंठांत ओल राहते, बरणींत ती ओल बाहेर येते, आणि झांकण तसेंच बंद राहिलें तर सगळी बरणी सडते. रविवारीं मंडळींत बसलेले आपण सर्व वरून सुके दिसतों. परंतु बांधावरून भावाशीं धरिलेला दावा, पत्नीपासून लपविलेलें कर्ज, शेजाऱ्याच्या बैलाबद्दल वाटणारा हेवा, ही ओल आंत असते. तिच्यावर झांकण लावून आपण वर्षानुवर्षें निर्धास्त राहतों. रोजची प्रार्थना म्हणजे झांकण उघडणें होय. तो मनुष्य फुलांसाठीं जें करितो, तें आपण आत्म्यासाठीं करूं नये काय?

दुसरी गोष्ट. बरणींत मुरल्यानें गांजाचा उग्रपणा जातो, हिरवट वास जातो, धूर घशाला कमी बोचतो. नशा मात्र तशीच राहते. विचार करा, काय नाहींसें झालें? धोका नव्हे, धोक्याची सूचना देणारी बोच नाहींशी झाली. पापाचेंही असेंच आहे. पहिल्या दिवशीं तें घशाला लागतें, मनाला टोंचतें, झोंप येऊं देत नाहीं. मग मनुष्य तें आंत ठेवून मुरवितो. ‘सर्वच करितात,’ ‘मी कोणाचें काय बिघडविलें,’ ‘थकव्यासाठीं घेतों,’ अशीं झांकणें लावितो. कांहीं दिवसांनीं तें सहज गिळूं लागतो. विवेकाची टोंचणी थांबली म्हणून पाप क्षमा झालें असें कोणी समजूं नये.

तिसरी गोष्ट. कोणी म्हणेल, ‘झाड तर देवानेंच केलें, आणि माझ्या शेतांतलें, माझ्या घरापुरतें.’ झाड देवाचें आहे, यांत वाद नाहीं. त्याच जातीच्या झाडापासून वाख निघतो, त्याचे दोर वळितात. आणि त्यांतील एका द्रव्याचें औषध लहान मुलांच्या कठीण अपस्मारावर द्यावें अशी मान्यता अमेरिकेंत २०१८ सालीं मिळाली. झाडाला पाप लागत नाहीं. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक आयोग नेमिला होता. मोजकें सेवन करणाऱ्यांस फारसा अपाय दिसत नाहीं, अतिसेवनानें मात्र होतो, असा अभिप्राय त्यानें दिला. पण मोजकें कोणाचें राहतें? गुलाम व्हावें म्हणून कोणी पहिली चिलीम भरीत नाहीं. आजचे वैद्य सांगतात कीं, लहान वयांत सुरुवात करणाऱ्यांस व्यसन जडण्याचा संभव अधिक असतो, आणि तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांत कित्येकांस भ्रमाचा भयंकर रोग होतो. खुद्द कॅनडांतही अल्पवयी मुलांस गांजा देणाऱ्यास १४ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. जेथें मोकळीक आहे तेथेंही लेंकरांभोवती कुंपण आहे.

आपल्या देशांत तर ही मोकळीकही नाहीं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून गांजाचें झाड लावणें हा गुन्हा आहे. त्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. घरापुरतीं दोन झाडें म्हणून सूट नाहीं. उसाच्या सरींत लपविलेलें झाड मालकाला तुरुंगांत नेतें. मागें बायकामुलें व विकलेलें शेत राहतें.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवीं असा कोणी असेल तर त्याची गोष्ट आधीं पारावर नेऊं नका. एकटे त्याच्या घरीं जा, सौम्यपणें बोला, आणि तें झाड त्यानेंच आपल्या हातानें उपटावें असें करा. जो व्यसनांत गुरफटला आहे त्यास नुसता उपदेश देऊन परत येऊं नका. व्यसनमुक्तीसाठीं सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनि आहे. तो लावून द्या, दवाखान्यांत त्याच्याबरोबर जा. देवाचें भय व डॉक्टरचें औषध हीं एकमेकांचीं वैरी नाहींत. आणि तो पुन्हा घसरला तर पुन्हा जा, कारण आपला मेंढपाळ हरवलेल्या मेंढराच्या शोधांत अर्ध्या वाटेवरून परतला नाहीं.

शेवटीं इतकेंच कीं, पौलानें करिंथकरांस दुसऱ्या पत्रांत आपणां सर्वांस मातीच्या भांड्यांची उपमा दिली आहे, आणि त्या भांड्यांत देवानें आपला ठेवा ठेविला असें सांगितलें आहे. कांचेची बरणी महाग, मातीचें मडकें स्वस्त. परंतु भांड्याचें मोल आंतल्या वस्तूवरून ठरतें. आज घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपलें झांकण देवापुढें उघडावें. जें सडकें निघेल तें त्यानें टाकूं द्यावें, आणि रित्या जागीं प्रभु येशूस राहूं द्यावें. तो आंत राहिला म्हणजे दुसऱ्या कोणत्याही धन्याला तेथें जागा उरणार नाहीं. देव आपणां सर्वांस अशी कृपा देवो. आमेन.