स्मृतिभ्रंश कोणाचा?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. लखनऊकडील हिंदी भाषकांनी साठ या संख्येवरून त्याच अर्थाचे ‘सठियाना’ असे एक क्रियापदच बनविले आहे. दोन्ही प्रांतांनी बुद्धीच्या ऱ्हासाचे खापर वयाच्या आकड्यावर फोडले. त्यात थट्टा असेल, परंतु कोणाच्या शीलावर आक्षेप नाही. वैद्यकाने या व्याधीला मराठीत जे नाव दिले ते मात्र भगवद्गीतेत पूर्वीपासून असलेले आहे, आणि त्या नावाबरोबर गीतेतील एक संपूर्ण कार्यकारणपरंपरा नकळत रुग्णाच्या माथी येऊन बसली आहे. ते नाव म्हणजे ‘स्मृतिभ्रंश’.

दुसऱ्या अध्यायातील बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या श्लोकांत मनुष्याच्या अधःपाताची पायरी-पायरीने उतरती सांगितली आहे. विषयांच्या चिंतनाने आसक्ती, मग काम, मग क्रोध, मग संमोह, त्यानंतर स्मृतिभ्रंश, आणि स्मृतिभ्रंशाने बुद्धिनाश. गीतेचा नित्य पाठ असलेल्या घरात आजोबा नातवाचे नाव विसरू लागले, देवघराची वाट चुकू लागले, आणि डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द बाहेर पडला, की ज्यांच्या जिभेवर ते श्लोक आहेत ते मागल्या पायऱ्या आपोआप मोजू लागतात. स्वभाव तर मुळचाच तापट होता. चहा-विड्यांचा नाद होता. उपासनेत मन कधी रमले नाही. अशा रीतीने व्याधी हा न्यायनिवाडा ठरतो, आणि शुश्रूषेत नकळत एक कठोरपणा शिरतो.

हा अर्थ गीतेचा नव्हे. श्रीशंकराचार्यांनी त्या स्थळी स्मृती या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला आहे: शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाने चित्तावर जे संस्कार उमटतात, त्यांतून उत्पन्न होणारी आठवण ती येथली स्मृती. प्रसंग समोर उभा असूनही ती आठवण न होणे हा तिचा भ्रंश. आणि कार्य कोणते, अकार्य कोणते हे निवडण्याची अंतःकरणाची अपात्रता हा बुद्धिनाश. म्हणजे येथे ज्याची गोष्ट चालली आहे तो धडधाकट मनुष्य आहे. त्याला नातवाचे नाव ठाऊक आहे, पेढीवरचे आकडे मुखोद्गत आहेत, फक्त धर्म तेवढा आठवत नाही. उलट ज्या वृद्धेला मुलाची ओळख पटत नाही, तरीही जी ताटातली अर्धी पोळी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसापुढे सरकवते, तिची गीतोक्त स्मृती शाबूत आहे असेच म्हणावे लागेल. हिंदीत या व्याधीला ‘मनोभ्रंश’ म्हणतात. तो शब्द निर्दोष आहे असे नाही; परंतु निदान तो श्लोकाची शृंखला मागे ओढून आणीत नाही.

मग या व्याधीचे कारण गीतेच्या कोणत्या विचाराने शोधावे? त्यासाठी अठराव्या अध्यायाकडे वळले पाहिजे. चौदाव्या श्लोकात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. सोळाव्या श्लोकात असेही म्हटले आहे की, एवढे असून जो केवळ एकट्या आत्म्यालाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही. येथे कोणी म्हणेल, हा विचार कर्माचा आहे, रोगाचा नाही. परंतु पाचव्या अध्यायात पाहणे, ऐकणे, श्वास घेणे यांचीही गणना क्रियांतच केली आहे; तेव्हा आठवणे आणि ओळखणे यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण दिसत नाही.

पाचवे कारण जे दैव, त्याचा अर्थ सामान्यतः नशीब असा घेतला जातो. आचार्यांचे भाष्य येथे निराळे आणि फार उपयोगाचे आहे. चक्षू इत्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा अर्थ ते देतात. डोळा आपल्या बळावर पाहत नाही. सूर्याचा अनुग्रह असेल तरच पाहतो. इंद्रियांचे सामर्थ्य असे देहाबाहेरच्या जगावर अवलंबून आहे, हे सांगण्यासाठी आधुनिक विज्ञानाची वाट पाहावी लागली नव्हती.

लखनऊच्या चौक भागात आणि भोवतालच्या खेड्यांत चिकनकारी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे भाष्य शब्दशः खरे ठरते. मुर्री, फंदा, जाली हे टाके इतके बारीक असतात की नजर तीक्ष्ण असल्याखेरीज ते उठतच नाहीत. मजुरी नगावर, आणि तीही बहुधा मध्यस्थाच्या हातून मिळते. अंधाऱ्या खोलीतून उठून दारातल्या उजेडात सरकत सरकत कित्येकींचा जन्म या कामात जातो. मोतीबिंदू उतरला आणि त्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाली नाही, तर अशा स्त्रीचे एकटे दृष्टिसुखच जात नाही. काम जाते, चार पैसे जातात, टाके घालता घालता चालणाऱ्या शेजारणींच्या गप्पा जातात. मग ती कोपऱ्यात बसते आणि घरातली माणसे म्हणतात, ‘सठिया गई है’.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली, त्यांत न सुधारलेल्या दृष्टिदोषाची भर प्रथमच घातली. ही चौदाही कारणे दूर होऊ शकली, तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत व्याधी टळेल किंवा लांबेल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान ही कारणे त्या यादीत आहेतच. परंतु बहिरेपणा, दूषित हवा, एकटेपणा आणि बालपणी न मिळालेले शिक्षण हीही आहेत. यांतली कित्येक त्या वृद्धाच्या हातची नव्हती. पाच कारणांपैकी ‘कर्ता’ हे एकच धरून बसणाऱ्याने ही यादी एकदा सावकाश वाचावी.

शिक्षणाचे कारण विशेष विचार करण्यासारखे आहे. भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेचा तीत प्रमुख भाग होता. तिच्याशी जोडलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, या व्याधीने ग्रस्त असावेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, नगरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत तिचे प्रमाण अधिक. १९६१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांपैकी सुमारे पंधराच साक्षर होत्या. त्या वेळी ज्या मुलीला पाटी न देता धाकटे भावंड कडेवर दिले गेले, ती आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. शिकलेल्या मेंदूत काही संचय राहतो आणि पुढे झीज झाली तरी तो कामास येतो, असे तज्ज्ञ मानतात. हा संचय तिला नाकारणारे बहुतेक जण आता हयात नाहीत, आणि तिच्या विस्मरणाची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नाही.

हवेविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. लखनऊतल्याच भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने या शहराची हवा वर्षानुवर्षे मोजली आहे, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लखनऊचे नाव दूषित नगरांत आहे. आदित्य जसा डोळ्याचा अनुग्राहक तसा वायू प्राणाचा. पौष महिन्यात धूर आणि धुके एक झाल्यावर तो कितपत अनुग्रह करीत असेल!

एकटेपणाची गोष्ट अधिक नाजूक आहे. लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथील डॉ. एस. सी. तिवारी यांनी २०१३ मध्ये एका लेखातून, एकटेपणा हाच एक रोग मानावा काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. अध्यात्माच्या वाचकाला हा प्रश्न खटकतो, कारण गीतेने तेराव्या अध्यायात एकांताची आवड हे ज्ञानाचे लक्षण म्हटले आहे. परंतु जो मनुष्य एकांत निवडतो आणि ज्याला एकांतात टाकले जाते, त्या दोघांची खोली एकच असली तरी अवस्था एक नव्हे. वृद्ध पित्याला मागच्या खोलीत ठेवून ‘आता त्यांनी नामस्मरण करावे’ असे म्हणणारे चिरंजीव गीतेचा आधार घेत नाहीत, गीतेची ढाल करतात.

लखनऊचेच एक उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. पत्नी आणि कन्या यांच्या निधनानंतर वकिली सोडून संगीतशास्त्राला वाहून घेतलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये या नगरीत मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्या वेळी पंडितजी सहासष्ट वर्षांचे होते, म्हणजे म्हणीप्रमाणे बुद्धी नाठी होऊन सहा वर्षे लोटली होती! राय उमानाथ बली यांच्यासारखे सहकारी आणि श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे शिष्य त्यांच्या भोवती होते. नित्य नवा अभ्यास आणि कोणीतरी वाट पाहत आहे अशी कामे होती. तरीही १९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि १९३६ मध्ये देहावसानापर्यंत ते आजारीच राहिले. सत्कर्म हे व्याधीविरुद्धचे कवच नव्हे आणि व्याधी हा दुष्कर्माचा दाखला नव्हे, या दोन्ही गोष्टी या एका चरित्रात दिसतात.

आपला उद्धार आपणच करावा, हे सहाव्या अध्यायातील वचन येथे आडवे येईल. ते वचन खरेच आहे, आणि ज्याला चालता येते त्याने सकाळी चालावे, ऐकू कमी येऊ लागल्यास संकोच न धरता कानाचे यंत्र लावावे, हे त्यातून निघतेच. परंतु ते वचन स्वतःला उद्देशून उच्चारावयाचे आहे. पुत्राने पित्याला ते ऐकविले की त्याचा अर्थ पालटतो.

अखेरीस अठराव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की, आपला मोह गेला आणि स्मृती परत लाभली. आणि ती कृष्णाच्या प्रसादाने लाभली हेही तो त्याच श्वासात सांगतो. गीतेत स्मृती परत आणणारा पुरुष एकाच रथात शेजारी बसलेला आहे. व्याधीने झिजलेली स्मृती अशी संवादाने परत येईल, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. तरीसुद्धा पुष्कळदा असे पाहण्यात येते की, सकाळी काय जेवलो हे न आठवणारी वृद्धा बालपणी पाठ केलेल्या स्तोत्राचा पहिला चरण कानी पडताच पुढचे चरण आपण होऊन म्हणत जाते. तो पहिला चरण मात्र शेजारी बसून कोणीतरी म्हणावा लागतो.