भंगलेला देव, मळलेली खाडी

देवघरातली मूर्ती भंगली की तिचं विसर्जन करायचं, भंगलेल्या मूर्तीची पूजा करायची नाही, असा आपल्याकडचा संकेत. मग घारापुरीच्या भंगलेल्या शिवमूर्तींना हात कसे जोडायचे?

देवनारच्या काठची ठाण्याची खाडी पुढे मुंबईच्या बंदरात मिसळते. घारापुरीचं बेट तिथंच आहे. बेटावरच्या मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन काळातल्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. भूमध्य समुद्राकाठचा माल इथवर उतरत होता. पुढे सहाव्या शतकाच्या सुमारास इथल्या काळ्या कातळात शिवाचं लेणं कोरलं गेलं.

लेण्यातला सदाशिव साडेपाच मीटर उंच आहे. मधलं मुख डोळे मिटलेलं, शांत. आपल्या डाव्या हाताला मिशा असलेलं उग्र मुख, सापासह. उजवीकडे कोवळं मुख, कमळासह. हा सदाशिव बऱ्यापैकी शाबूत आहे. पण नटराजाचे पाय गेले, हातही बरेच तुटले. तरी ते नृत्य थांबलेलं वाटत नाही. महाशिवरात्रीला लाँच भरभरून भाविक येतात, गाभाऱ्यातल्या लिंगावर बेल वाहतात. तुटक्या हातांमुळे कुणी माघारी फिरत नाही.

म्हणजे संकेत चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो मूर्तीच्या अवयवांविषयी बोलतो. भाविक नमस्कार करतो तो त्या दगडात ज्याचा वास आहे त्याला.

हीच दृष्टी खाडीकडे वळवली तर?

देवनारच्या काठावर 1927 पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. जानेवारी 2016मध्ये तो पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आणि तरीही याच खाडीच्या चिखलात दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात, चोच उलटी करून शेवाळ गाळून खातात. 2015मध्ये खाडीचा एक भाग अभयारण्य झाला, 2022मध्ये ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. मोडलेल्या लेण्यात देव मानणाऱ्यांनी या मळलेल्या पाण्याला मात्र गटार म्हणून सोडून दिलं आहे.

अशा वेळी गाडगेबाबा आठवतात. ते आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या लेखी झाडणं ही पूजेची तयारी नव्हती, पूजाच होती.

मानखुर्दहून वाशीच्या पुलावर गाडी चढली की अनेक हात निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी खाडीत टाकायला बाहेर येतात. ज्या पाण्यावरून आपण घारापुरीच्या शिवाकडे जातो, तेच हे पाणी. फुलं झाडाच्या मुळाशी किंवा निर्माल्य कलशात जाऊ द्या; पिशवी घरी परत न्या.