पडण्याची सोय

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका रात्री, साडेअकराच्या सुमारास, परभणीच्या आमच्या घरातल्या धान्याच्या खोलीत मी ७० किलोच्या बारखाली अडकलो. आई आणि अण्णा पलीकडच्याच खोलीत झोपले होते, मध्ये एक भिंत. हाक मारली असती तर दोघंही धावत आले असते. मी हाक मारली नाही.

बेंच प्रेस करणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: बाकड्यावर उताणं झोपायचं, बार छातीला टेकवायचा आणि वर ढकलायचा. तो वर गेला नाही तर छातीवरच राहतो. बारच्या टोकांना क्लिपा लावलेल्या नसतील, तर एका बाजूला झुकवून प्लेटा पाडता येतात. माझ्या क्लिपा घट्ट होत्या. मग एकच उपाय उरतो. बार छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांपर्यंत लोळवत न्यायचा आणि उठून बसायचं. इंग्रजीत याला ‘रोल ऑफ शेम’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला यातली खरी दुखरी जागा बरोबर कळली होती. पोटावर चार दिवस निळा पट्टा होता. आईने विचारलं तर टेबलाचा कोपरा लागला म्हणून सांगितलं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि इथेच राहिलो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मी तेव्हापासून ऑफिसच्या कॉलवर गंभीर चेहऱ्याने ऐकवत असतो. अमेरिकेतल्या टीमबरोबरच्या मीटिंगा रात्री साडेदहाला संपतात आणि तोवर गावातल्या जिमची शटरं खाली आलेली असतात. म्हणून सोयाबीन विकून रिकामी झालेली खोली मी ताब्यात घेतली. एक बाकडं, एक बार, प्लेटा. आणि मागे उभं राहणारं कोणी नाही.

त्या रात्रीनंतर मी पॉवर रॅक शोधायला लागलो. पॉवर रॅक म्हणजे लोखंडाचा पिंजरा: चार खांब, वर-खाली आडव्या पट्ट्या, खांबांना एकसारख्या अंतरावर होल. बार ठेवायला दोन हुक, आणि दोन्ही बाजूंना पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आरपार जाणाऱ्या दोन पिना. वस्तूचं सगळं सार त्या पिनांत आहे. तुम्ही हरलात की बार पिनांवर बसतो, तुमच्यावर नाही.

ऑनलाइन मला पटलेला रॅक ३२ हजारांचा होता. माझ्या पगारात तो सहज बसत होता, म्हणून मी जेवताना आकडा सहज बोलून गेलो. अण्णांनी घास थांबवला. त्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ ला, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं होतं. त्यांच्या डोक्यात भागाकार झाला.

“म्हणजे एक एकर सोयाबीन छातीवर घेऊन झोपायलास म्हण की.”

त्यांनी नको म्हटलं नाही. पण मग मीच स्वस्तातला शोधायला लागलो, आणि ‘परवडणं’ या शब्दाशी माझं भांडण सुरू झालं.

१७ हजारांतही रॅक मिळत होते. फोटोत दोन्ही सारखेच: काळा रंग, लाल हुक, घामेजलेला मॉडेल. फरक फोटोत न दिसणाऱ्या जागी होता. महागड्यात ३ मिलिमीटर जाडीचा पाइप, स्वस्तात दोनचा किंवा त्याहून पातळ. स्वस्तात पिना पोकळ. दोघांवरही ‘४५० किलोपर्यंत’ असं लिहिलेलं, पण ठेवलेले ४५० की पडलेले ४५०, ते कुठेच नाही. आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. ७० किलोचा बार २० सेंटिमीटरवरून निसटला आणि पिनांनी तो एका सेंटिमीटरच्या आत थांबवला, तर थांबवणारं सरासरी बल वजनाच्या एकवीसपट होतं. जवळजवळ दीड टन. प्रत्यक्षात बार थोडा वाकतो, हातही शेवटपर्यंत थोडं धरून ठेवतात, त्यामुळे धक्का कमी बसतो. तरी बारावीतलं फिजिक्स एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी जिंतूर रोडच्या बाजूला एका शेडमध्ये गेलो. तिथे गेटं, ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. दुकान चालवणाऱ्या चाचांना मी मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं. ५० बाय ५० चा पाइप, ३ मिलिमीटर, एकूण १६ मीटर. मीटरला साधारण ४.४ किलो धरून ७० किलो लोखंड. किलोमागे १३० रुपये मजुरीसकट. होल, हुक, पिना आणि रंग वेगळा. साडेपंधरा हजार झाले. निम्म्यात काम होतंय म्हणून खूश व्हायचं, तर मी सवयीने भाव करायला लागलो. पिना भरीव कशाला, पोकळ पाइपच्या करा, सहाशे वाचतील.

चाचांनी काच वर केली. “साहेब, गेट वाकलं तर पुन्हा मारून देतो. ह्याच्याखाली कोण झोपणार?”

“मी.”

“मग कशाला सहाशे काढता?”

मला लाज वाटली, पण ती सहाशे रुपयांची नव्हती. भाव करताना आपण काय करतो हे तेव्हा दिसलं. भाव पाडला की रंग कमी होत नाही, हुकाचा लाल प्लास्टिकही कमी होत नाही. कमी होते ती भिंतीची जाडी, वेल्डची लांबी, पिनेच्या पोटातलं लोखंड. स्वस्ताई नेहमी न दिसणाऱ्या जागी जाऊन बसते. मी कोड लिहितो तिथेही हेच आहे. डेडलाइन आली की स्क्रीन तशीच राहते, टेस्ट कापल्या जातात. कापणारा आणि नंतर त्याखाली झोपणारा हे बहुतेक वेळा वेगळे असतात. इथे दोन्ही मीच होतो, तरीही मी कापायला निघालो होतो. दुसऱ्यासाठी बनवत असतो तर?

पिना ठरल्या: आत १६ मिलिमीटरची भरीव सळई, वरून जाड पाइप.

होल मात्र पहिल्या खेपेला चुकले. प्रत्येक खांब वेगळा मोजून ड्रिल केला होता, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या होलांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला आणि पिन तिरपी बसायला लागली. चूक निम्मी माझी. ड्रॉइंगमध्ये माप कुठल्या टोकापासून धरायचं ते मी लिहिलंच नव्हतं. चाचांनी नवे पाइप घेतले, दोन-दोन क्लॅम्पने एकत्र आवळले आणि पुढचा-मागचा एकदमच भोसकला. आता चुकलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकेल, असं ते म्हणाले.

या सगळ्याला महिनाभर लागला आणि त्या महिन्यात मला एक गोष्ट सतावत राहिली. ज्या घरात हाक मारली तर दोन माणसं धावून येतात, तिथे हाक मारावी लागू नये म्हणून मी पैसे मोजतोय. हे स्वावलंबन आहे की नुसता माज?

मी अण्णांना त्या रात्रीचं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावात ते पोरवयात तालमीत जायचे. जत्रेत नारळावरच्या कुस्त्यांपर्यंत त्यांची मजल होती, त्याच्या पुढची नाही, हे तेच हसून सांगतात. हाक का मारली नाही म्हणाले. लाज वाटली म्हटलं.

“पडायची कसली लाज? पडायसाठीच तर माती खणायचो आम्ही रोज.”

तालमीतला हौदा मी लहानपणी पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. लाल माती, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू. रोज सराव सुरू करायच्या आधी पोरांनी फावड्याने ती खणून मऊ करायची. मी त्याला परंपरा समजत होतो. ती पडण्याची सोय होती. पाठीवर आपटलेलं पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं, म्हणून केलेली. तालीम म्हणजे माणसांचा विश्वास आणि रॅक म्हणजे एकट्याचं लोखंड, अशी जी फाळणी मी मनात करून बसलो होतो ती त्या एका वाक्याने गेली. तालमीतही वस्ताद होताच, पण नुसत्या वस्तादावर कोणी भागवलं नव्हतं. खाली माती लागायचीच.

नुसत्या माणसावर भागवलं तर काय होतं याचं एक उदाहरण आहे. जुलै २०२३ मध्ये इंडोनेशियातल्या बालीत एक फिटनेस ट्रेनर २१० किलोचा स्क्वॉट करत होता. मागे सांभाळायला माणूस उभा होता. ट्रेनर खाली बसला, उठू शकला नाही, बार मानेवर आला आणि मागचा माणूसही तोल जाऊन पडला. ट्रेनर वाचला नाही. त्याचा व्हिडिओ मी एकदाच पाहिला. मागच्या माणसात काही खोट नव्हती. तेवढं वजन झेलणं माणसाचं कामच नव्हतं. प्रेमाला किंवा मैत्रीला दीड टनाची परीक्षा देऊ नये, इतकं मला त्यातून कळलं. आई त्या रात्री धावत आली असती, हे खरं. साठीकडे झुकलेल्या तिच्या हातांनी ७० किलो कसे उचलले असते, हा विचार मी हाक न मारण्याच्या समर्थनात आता करतो. तेव्हा केला नव्हता. तेव्हा नुसती लाजच होती.

रॅक आला. शहाबादी फरशीवर रबर अंथरून उभा केला. आणि मग कळलं की पिन असणं पुरेसं नाही, ती नेमक्या होलात असावी लागते. बेंच प्रेसला पाठीची थोडी कमान करतात, त्यामुळे छाती वर येते. पिन त्या छातीच्या जरा खाली हवी, नाहीतर बार छातीला टेकणारच नाही. पण कमान सोडल्यावर छाती जिथे जाते, त्याच्या वर हवी. तेव्हाच हरलेला माणूस श्वास सोडतो, पाठ टेकवतो आणि बार त्याच्यावरून उठून पिनांवर बसतो. या दोन उंच्यांमध्ये जागा असते दोन-तीन सेंटिमीटरची. म्हणून बेंचच्या पट्ट्यात मी होल २५ मिलिमीटरवर पाडून घेतले होते, बाकी खांबावर ५० वर. अंतर मोठं असलं की तुमची उंची दोन होलांच्या मधे सापडते. वरच्या होलात व्यायाम होत नाही आणि खालच्या होलात पिन असून नसल्यासारखी.

हे मोजत असताना अण्णा दारात उभे होते. मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “पीकविम्यासारखं हाय हे.”

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही, नंतर वाचलं. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ ची. त्यात सोयाबीनसारख्या पिकाचं उत्पादन तुमच्या शेतात मोजून भरपाई ठरत नाही, ती महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. त्या सरासरीची तुलना होते ‘उंबरठा उत्पादना’शी: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच, त्यांची सरासरी आणि तिला जोखीमस्तराने गुणायचं, जो आपल्याकडे ७० टक्के आहे. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तरच पिनांचा उपयोग. आमचं रान ओढ्याकाठी. एका पावसाळ्यात ते पाण्याखाली राहिलं, वरच्या अंगाची रानं तरली, मंडळाची सरासरी तरली आणि आम्हाला काही मिळालं नाही. एकट्याचं नुकसान कळवायचं तर तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं. पाणी उतरायची वाट पाहण्यातच ते तास गेले. कोणी फसवलं असं अण्णा म्हणत नाहीत. पिन होती, फक्त सगळ्या मंडळाच्या छातीच्या मापाची होती.

३२ हजारांच्या आकड्याने त्यांचा घास का थांबला, ते मला तेव्हा उमगलं. पैशापेक्षा ती वस्तू कशासाठी आहे ते त्यांना विचित्र वाटलं असणार. ताकद वाढवायची तर हरण्याच्या काठापर्यंत जावंच लागतं, आणि माझ्या पिढीतला, माझ्या पगाराचा माणूस ते हरणं आधीच नीट आखून, भरीव सळई घालून, आपल्या मापाचं करून घेतो. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी दर जूनमध्ये बार उचलला, तो खाली काहीच न लावता. मला शिकवलं ते त्यातूनच. माझ्या साडेपंधरा हजारांत त्यांचा किती वाटा आहे याचा हिशेब मी करून पाहिला. तो जुळत नाही.

पहिली चाचणी बाकडं बाजूला काढून केली. १०० किलो लावले आणि बार सोडून दिला. खोली दणाणली, पिनांना काही झालं नाही. माझ्या होलाजवळ मी चाचांकडून उरलेल्या रेड ऑक्साइडने एक ठिपका दिला. अण्णा बराच वेळ खांब हाताळत होते. मग सदरा काढून बाकड्यावर आडवे झाले.

“मव्हं कोणतं होल?”

त्यांची पाठ कमान करत नाही, मणक्याचा त्रास आहे. पिना दोन होल खाली घ्याव्या लागल्या. प्लेटा काढल्या, नुसता २० किलोचा बार दिला. मी मागे उभा राहिलो तर म्हणाले, सरक. चार वेळा वर नेला. पाचव्यांदा अर्ध्यावर आणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम हात ढिले सोडले.

“काय पडलं?” स्वयंपाकघरातून आई ओरडली.

“बार पडला,” अण्णा खालूनच म्हणाले. “ये, बघ येऊन.”