अशुद्ध शब्दाचे पाप

वेण्णेकाठच्या मेढ्यात, मामलेदार कचेरीच्या आवारात काही कामानिमित्त बसलो असता, शेजारच्या तरुणाने नोकरीसाठी इंग्रजीत लिहिलेला अर्ज माझ्यापुढे धरला आणि ‘जरा नजर टाका, काका,’ अशी विनंती केली. वडिलांविषयी त्याने ‘माय फादर आर अ फार्मर’ असे लिहिले होते, आणि चुलतभावाला ‘कझिन ब्रदर’ म्हटले होते. मी दोन्ही ठिकाणी दुरुस्ती केली खरी; परंतु ‘आर’ खोडून ‘इज’ लिहिताच त्याच्या मुद्रेवर जो संकोच उमटला तो पाहून, आपण व्याकरण सुधारले की त्याच्याकडून बापाला अरेतुरे करविले, अशी शंका मनाला चाटून गेली.

अशुद्ध शब्द हे पाप काय, या प्रश्नाचा ऊहापोह पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच केला आहे. यज्ञकर्मात ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारल्याने असुर पराभूत झाले, ही कथा तो सांगतो. आणि एरवीच्या बोलण्यात शब्द मोडणारे, पण यज्ञात तो अचूक उच्चारणारे ऋषी मात्र त्याच्या लेखी निर्दोष ठरतात. अर्थबोध शुद्धाने होतो तसा अपभ्रष्टानेही होतो, हे त्याला मान्य आहे; शुद्धाचा नियम आहे तो धर्मासाठी.

अर्थबोधाच्या या कसोटीला लावता, असाच कानावर येणारा ‘रिटर्न बॅक’ हा निव्वळ प्रमाद ठरतो, कारण परतण्यात मागे येणे आलेच, आणि ते पुन्हा सांगणाऱ्याने आपल्याच शब्दाचा विचार केलेला नसतो. ‘कझिन ब्रदर’ची गोष्ट निराळी. ज्या समाजात मामेबहिणीशी विवाह अनेक घराण्यांत रूढ आहे आणि चुलतबहीण मात्र सख्खीसारखीच वर्ज्य, तेथे या साऱ्या नात्यांना एकच शब्द पुरवणारी भाषा अपुरी वाटावी आणि ‘ब्रदर’ची पुरवणी जोडावीशी वाटावी, हे स्वाभाविक होय. ‘फादर आर’मध्येही आपले आदरार्थी बहुवचनच परक्या वेषात उभे असते.

तथापि अर्जाचा कागद हे आजचे यज्ञकर्म आहे. तेथे ज्या भाषेचे आवाहन केले तिचाच विधी पाळला पाहिजे.

म्हणून मी त्याला म्हटले, ‘‘इंग्रजीत ‘इज’च लिही बाबा, त्या भाषेत राजालाही ‘इज’च म्हणतात.’’

तो हसला, कागदाची घडी करीत उठला आणि म्हणाला, ‘‘येतो काका, वडील बाहेर उभे आहेत.’’