मध्यंतरात उठून गेलेला प्रेक्षक

नाटक पाहावयास गेलेला माणूस त्या नाटकाचे काही देणे लागतो काय? तिकिटाचे पैसे त्याने मोजलेले असतात, वेळेवर येऊन तो आसनावर बसलेला असतो, शेजाऱ्याला त्रास होईल असे काही करीत नाही. यापलीकडे त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावयाची, हा प्रश्न प्रथमदर्शनी शिष्टाचाराचा वाटतो, आणि शिष्टाचाराचे प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात फारसे कोणी घेत नाही. परंतु २०१३ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क शहरातील एका नाट्यगृहात जे घडले ते लक्षात घेता या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे, असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या नाट्यव्यवहारात 'ब्रॉडवे' आणि 'ऑफ-ब्रॉडवे' असा भेद केला जातो. तो रस्त्यापेक्षा आसनसंख्येवर अधिक अवलंबून आहे. १०० ते ४९९ आसनांची नाट्यगृहे ऑफ-ब्रॉडवे समजली जातात. प्रचंड खर्चाच्या संगीतिका ब्रॉडवेवर आणि नव्या लेखकांची जोखमीची नाटके बहुधा ऑफ-ब्रॉडवेवर, अशी ढोबळ वाटणी. १९७१ साली स्थापन झालेली 'प्लेराइट्स होरायझन्स' ही संस्था अशा नव्या अमेरिकन लेखनासाठीच उभी राहिली आहे. तिचे वर्गणीदार हंगामातील नाटकांचे पैसे आगाऊ भरतात आणि मग पुढ्यात येईल ते नाटक पाहतात. (नियतकालिकांचे वर्गणीदारही काहीसे असेच असतात, त्यांच्या सोशिकपणाचे मोल संपादकांना ठाऊक असते.) या संस्थेने त्या वर्षी ॲनी बेकर या तरुण लेखिकेचे 'द फ्लिक' हे नाटक सॅम गोल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. मध्यंतर धरून ते तीन तासांहून अधिक चाले. मध्यंतरात प्रेक्षक उठून जाऊ लागले. तक्रारी येऊ लागल्या, आणि वर्गणी पुन्हा भरणार नाही असेही काहींनी कळविले.

नाटकात एवढे चिडण्यासारखे होते तरी काय? विषय स्फोटक नाही, भाषा क्वचित शिवराळ असली तरी त्या शहरात तिचे कोणाला अप्रूप नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर परगण्यात एक मोडकळीस आलेले, एकाच पडद्याचे चित्रपटगृह आहे. ३५ मिलिमीटरच्या फितीवर चित्रपट दाखविणारी जी थोडी चित्रपटगृहे त्या भागात उरली, त्यांतील हे एक. रंगमंचावर दिसतात त्या या चित्रपटगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आपल्याकडे तोंड करून मांडलेल्या. म्हणजे आपण प्रेक्षक बसलो आहोत ते पडद्याच्या जागी. खेळ संपतो, दिवे लागतात आणि झाडू व सुपली घेऊन दोन कामगार आत येतात. सॅम पस्तिशीचा, एव्हरी विशीचा. सॅम जुना आहे, काम शिकवतो. एव्हरी नवा आहे, चित्रपटांचा नादिष्ट आहे. तिसरी रोझ, वर प्रक्षेपण-कक्षात यंत्र चालवणारी. सॅमच्या आधी तिला ती बढती मिळाली, हे शल्य सॅमच्या मनात आहे. आणि तिच्यावर त्याचे प्रेमही आहे. दोघे सांडलेले पॉपकॉर्न झाडतात. एक रांग झाडून होते, मग दुसरी. कोणी काही बोलत नाही. मग एखादे वाक्य येते, अर्धवट. पुन्हा झाडू.

मी हे नाटक वाचले ते छापील संहितेतून, आणि वाचताना मला एक गोष्ट जाणवली. पुस्तकात शांतता ही कंसातील एका शब्दाची असते. डोळा तो शब्द ओलांडून क्षणार्धात पुढच्या संवादावर जातो. नाट्यगृहातील प्रेक्षकाला ही सवलत नसते. त्याला ती शांतता पूर्ण लांबीची सोसावी लागते, घड्याळ पाहता येत नाही अशा काळोखात, अनोळखी माणसांच्या कोपरांना कोपर लावून. म्हणून हे नाटक वाचणाऱ्याने उठून गेलेल्या प्रेक्षकाचा न्यायनिवाडा करताना जरा सबुरीने बोलावे.

केवळ लांबी हे त्या रोषाचे कारण नव्हते, हे मात्र स्पष्ट आहे. याच शहरात टोनी कुश्नर यांचे दोन भागांचे 'एंजल्स इन अमेरिका' १९९३ साली लोकांनी डोक्यावर घेतले. दोन्ही भाग मिळून ते सात तासांच्या घरात जाते. २०१० साली 'गॅट्झ' या प्रयोगात एक संपूर्ण कादंबरी रंगमंचावर शब्दन् शब्द वाचली गेली. तो कार्यक्रम जेवणाच्या सुटीसह दुपारपासून रात्रीपर्यंत चाले, आणि तरीही त्याला गर्दी होत असे. आपल्याकडे संगीत नाटकांचे प्रयोग पहाटेपर्यंत रंगत आणि श्रोते 'वन्समोअर'ची फर्माईश करून ते आणखी लांबवीत. तेव्हा तास मोजून कोणी उठत नाही. त्या सर्व ठिकाणी प्रेक्षकाला वेळेच्या बदल्यात काहीतरी सतत मिळत होते, कुठे गाणे, कुठे कथा, कुठे वक्तृत्व. 'द फ्लिक'मध्ये वेळेच्या बदल्यात मिळत होते ते दोन माणसांचे झाडणे.

संस्थेचे कलासंचालक टिम सॅनफर्ड यांनी वर्गणीदारांना एक ई-पत्र पाठविले. प्रेक्षकांच्या तक्रारी त्यांनी मान्य केल्या, नाटकात काटछाट का केली नाही ते समजावून सांगितले आणि आपल्याला ते का मोलाचे वाटते तेही लिहिले. या पत्रावर नाट्यवर्तुळात बराच खल झाला. काहींना त्यात अनाठायी क्षमायाचना दिसली, काहींना धैर्य. मला ते पत्र योग्य वाटते. यजमानाने पाहुण्याला जेवण आवडले नाही असे दिसताच ताट उचलून नेऊ नये, आणि पाहुण्याच्या जिभेला दोषही देऊ नये. आपण हेच का रांधले ते सांगावे.

उठून जाणाऱ्याची बाजू आता पाहू. ती पोकळ नाही. दुसऱ्याचा वेळ घेणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा तेवढा भाग घेणे, आणि तो परत करता येत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाचे तीन तास जो लेखक केवळ स्वतःच्या लहरीसाठी खर्ची घालतो, तो एका परीने चोरीच करतो. (लांबलेल्या प्रवचनाविषयी माझ्या धर्मग्रामातील एका वृद्धाने मला हेच अधिक सौम्य शब्दांत सांगितले होते.) शिवाय कलेपुढे बसून कंटाळा गिळणे हा काही आपोआप सद्गुण ठरत नाही. ज्याला उमगले नाही त्याने उमगल्याचा आव आणून बसून राहणे, यात नम्रता कमी आणि प्रतिष्ठेची हाव अधिक असू शकते. प्रामाणिकपणे उठून गेलेला त्याहून बरा.

पण तो नेमका का उठला, हे विचारावयास हवे. येथे मला संत ऑगस्टीन यांची आठवण होते. 'कन्फेशन्स'च्या तिसऱ्या पुस्तकात त्यांनी कार्थेज शहरातील आपल्या तरुणपणीच्या नाटकवेडाविषयी लिहिले आहे. रंगमंचावरील दुःख पाहून प्रेक्षक सुखावतो कसा, हे त्यांना पडलेले कोडे. तेथे कोणाला साहाय्य करावयाचे नसते, केवळ हळहळावयाचे असते. अशी ही करुणा कोणत्या प्रकारची, असे ते विचारतात. आणि जाता जाता एक मार्मिक निरीक्षण नोंदवितात: प्रसंग पाहून रडू आले नाही, तर प्रेक्षक वैतागून, नावे ठेवीत निघून जातो, रडू आले तर आनंदाने बसून राहतो. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन त्या मार्च महिन्यातील मध्यंतरालाही लागू पडते. प्रेक्षक आला होता तो भावनेचा आपला वाटा घेण्यासाठी. तो हाती पडला नाही, म्हणून तो गेला.

ऑगस्टीन यांचा आक्षेप ज्या नाट्यकलेवर आहे, तिच्या नेमके उलट हे नाटक उभे आहे. झाडूवाल्याच्या जीवनावर अश्रू ढाळावयास लावणारे नाटक लिहिणे अवघड नव्हते. एक आजारी आई, एक निर्दय मालक, एक स्वगत. प्रेक्षक डोळे पुसून आणि स्वतःच्या कोमल हृदयावर प्रसन्न होऊन घरी गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी चित्रपटगृहात खुर्चीखाली पॉपकॉर्न सांडताना त्याला काहीही आठवले नसते. बेकर यांनी ही लाच देण्याचे नाकारले. ज्या माणसांकडे आपण खेळ संपल्यावर पाठ फिरवून बाहेर पडतो, त्यांच्याकडे त्यांनी आपल्याला तोंड करून बसविले आणि त्यांच्या कामाला जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढा वेळ त्यांच्याबरोबर घालवावयास लावला. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९४२ च्या सुमारास अवधानाविषयी जे लिहिले त्याचा आशय असा, की पीडिताला हवे असते ते त्याच्याकडे पाहणारे कोणी, आणि असे पाहणे ही अत्यंत दुर्मीळ शक्ती आहे. आता, सॅम काही वेल यांच्या अर्थाने पीडित नाही. तो कंटाळलेला आहे, थोडा क्षुद्र आहे, थोडा भला आहे. पीडिताकडे पाहताना निदान स्वतःच्या दयेचे समाधान तरी मिळते. सॅमकडे पाहताना तेही मिळत नाही. म्हणून मला वाटते, त्याच्याकडे पाहणे अधिक कठीण असावे.

आणि या पाहण्याला नाटकात एक प्रयोजन आहे, जे मध्यंतरानंतरच कळते. सॅम आणि रोझ तिकिटांच्या पैशांतून रोज थोडी रक्कम काढून घेतात. तिला त्यांनी 'जेवणाचे पैसे' असे निरुपद्रवी नाव दिले आहे. एव्हरीला ते पटत नाही, परंतु दोघांच्या आग्रहापुढे तो नमतो. पुढे चित्रपटगृह विकले जाते, नवा मालक येतो, फितीचे यंत्र जाऊन डिजिटल यंत्र येते आणि पैशांची अफरातफर उघडकीस येते. संशय एकट्या एव्हरीवर येतो. तो कृष्णवर्णीय आहे, नवा आहे. त्याची अपेक्षा एवढीच, की आपण तिघेही यात होतो असे या दोघांनी सांगावे. ते सांगत नाहीत.

येथपर्यंत प्रेक्षकाने शेकडो शांतता ऐकलेल्या असतात: संकोचाच्या, आळसाच्या, थकव्याच्या, बोलावयास धीर न झाल्याच्या. त्याच्या कानाला त्यांतील फरक कळू लागलेला असतो. म्हणूनच ही एक शांतता त्याला पूर्ण वजनाने ऐकू येते. घाईच्या नाटकात हा विश्वासघात कथानकातील एक वळण ठरला असता. आपण सॅम-रोझला दुष्ट ठरवून मोकळे झालो असतो. अडीच तास त्यांच्याबरोबर झाडलेल्या प्रेक्षकाला ते जमत नाही. रोझच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे हे त्याला माहीत असते. सॅमपाशी या नोकरीवाचून दुसरे काही नाही हेही माहीत असते. एव्हरीचे वडील महाविद्यालयात प्राध्यापक आहेत, त्याला तेथे विनामूल्य शिकता येते. म्हणजे त्याच्या पायाखाली जमीन आहे, यांच्या नाही. मग गप्प राहण्याचा अधिकार गरिबाला अधिक आहे काय? आणि संशय आधी ज्याच्या वर्णाकडे वळतो, त्याला वडिलांचे घर किती आसरा देणार? नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'मौनाने केलेले असत्य' असा विषय असतो आणि त्याखाली उदाहरणे दिलेली असतात. सेमिनरीत आम्ही ती पाठ केली. त्या उदाहरणांतील माणसांना नावे नसत, कर्जे नसत, आणि गप्प राहण्यापूर्वी त्यांनी एकत्र काढलेले दिवस नसत.

२०१४ साली या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०१५ च्या मे महिन्यात ग्रिनिच व्हिलेजमधील बॅरो स्ट्रीट थिएटरमध्ये ते पुन्हा आले आणि २०१६ च्या जानेवारीपर्यंत चालले. त्याच वर्षी लंडनच्या नॅशनल थिएटरनेही ते केले. या दुसऱ्या फेरीतील प्रेक्षक आधीच सावध होऊन येत असणार: लांबी ठाऊक, शांतता ठाऊक, पारितोषिक ठाऊक. पारितोषिकाच्या धाकाने दिलेले अवधान खरे अवधान आहे काय, याविषयी मला थोडी शंका आहे. ज्या सॅमकडे २०१३ साली पाहवत नव्हते त्याच्याकडे पाहावयास एका पारितोषिकाची शिफारस लागावी, हे फारसे भूषणावह नाही. पण माणूस कशाच्या निमित्ताने आत येतो यावर फार अडून बसू नये. काही जण धाकाने बसले असतील आणि बसता बसता पाहू लागले असतील.

शेवटी एव्हरी एकदा परत येतो. जुने प्रक्षेपण-यंत्र टाकून दिले जाणार असते. सॅमने ते त्याच्यासाठी राखून ठेवले आहे. ज्यासाठी त्या मुलाचा जीव तुटत होता तेच. त्या दिवशी तोंड का उघडले नाही, याचे हे उत्तर होऊ शकत नाही, आणि सॅमलाही ते ठाऊक असावे. एव्हरीच्या मनातील कडवटपणा गेलेला नाही, तरी तो यंत्र घेतो. हे पाहून बाहेर पडलेल्यांत दोन तट पडतील, असे मी समजतो: सॅमने फेड केली असे मानणारे आणि वस्तू देऊन शब्द देण्याचे टाळले असे मानणारे. मी दुसऱ्या तटात आहे, पण संहितेत त्या प्रसंगीही कंसात लहानमोठ्या शांतता आहेत, आणि त्या मी वाचताना किती लवकर ओलांडल्या हे मला माहीत आहे.